ताट दाखव

तुमचे आजोबा गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तेव्हा सगळ्यांना फोनवर एक मजकूर पाठवला होता. तो तुमच्या आईने जपून ठेवला आहे आणि तुम्हालाही वाचून दाखवला आहे: थोर पशुवैज्ञानिक, निष्ठावान संशोधक, कुटुंबवत्सल गृहस्थ, मृदुभाषी व्यक्तिमत्त्व. पहिल्या तीन गोष्टींबद्दल मी वाद घालणार नाही. चौथी वाचून मात्र मला त्या दिवसांतही हसू आलं. जो माणूस बोलतच नाही, तो मृदू बोलतो की कठोर, हे ह्या मंडळींना कळलं कसं?

मागच्या महिन्यात फोनवर थोरलीने मला एक प्रश्न विचारला. थोरले, तू आता डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, तेव्हा तो डॉक्टरी पद्धतीनेच विचारलास. "आजी, आजोबांना बरं नाही हे तुझ्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" मी म्हणाले, आवाज तुटतोय गं, आणि फोन ठेवला. आवाज अजिबात तुटत नव्हता. उत्तर द्यायचं नव्हतं, एवढंच. धाकट्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण नंतर त्याने नुसता एक डोळे वटारलेला चेहरा पाठवला.

तर आता उत्तर लिहिते. वाक्यं लहान ठेवते. कुठे अडलं तर आईला विचारा, पण तिला सांगा की आजीने मध्ये काही गाळायचं नाही म्हटलंय.

आधी हे समजून घ्या की आजोबा लोकांना वाटत तसे जनावरांचे डॉक्टर नव्हते. ते प्रयोगशाळेत बसून गुराढोरांच्या पोटातल्या जंतांचा अभ्यास करत. तीस वर्षं त्यांच्याकडे जनावर असं आलं नाही, जनावराचा थोडा थोडा भाग आला. तो कधी कधी घरीही येई. आमच्या फ्रिजच्या सगळ्यात वरच्या फळीवर काय असायचं ते मी इथे लिहीत नाही. तुमची आई तिकडच्या स्वतःच्या फ्रिजमध्येही वरच्या फळीवर दूध ठेवत नाही, ते का, हे आता तुम्हाला कळलं असेल.

पण नोकरीच्या सुरुवातीला चार वर्षं ते गावोगावच्या गोठ्यांत हिंडले होते आणि तिथे एक गोष्ट शिकले. तीच त्यांनी जन्मभर पुरवली: रोग्याला विचारायचं नाही. त्याला सांगता येत नाही, आणि आलं असतं तरी त्याने खोटंच सांगितलं असतं. कळपातलं जनावर दुखणं लपवतं. म्हणून बघायचं. खातं का, किती खातं, कुठल्या बाजूने चावतं, चालताना कुठला पाय जपतं, इतरांपासून लांब उभं राहतं का. मग कान हाताने चाचपायचे, हिरड्यांचा रंग बघायचा. झालं निदान.

गाईम्हशींना हे ठीक आहे. ह्या गृहस्थांनी ते लग्नाला लावलं.

मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत शिकवत होते, दोन भाषांत उत्तरं तयार ठेवून बसले होते. ते माझ्या खाण्याकडे बघत राहिले. निघताना माझ्या वडिलांना म्हणाले, "उजवीकडची दाढ दाखवून घ्या." आणि दाढ खरंच दुखत होती! घरात मी कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांना हा माणूस फार हुशार वाटला. मला तो उद्धट वाटला. आम्हा दोघांचंही बरोबर होतं.

लग्नानंतर ते सहा महिने प्रशिक्षणासाठी हरियाणात गेले. तिथून आलेली पत्रं माझ्याकडे आहेत, तुम्हाला दाखवीन. म्हशींची वर्णनं दोन-दोन पानं. मग शेवटची ओळ: "तूही खात असशील." प्रश्नचिन्ह नाही. मी त्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारून पत्र परत पाठवलं होतं. ते त्यांनी नीट फाईलला लावून ठेवलं.

पुढे भाईंदरला इंद्रलोक भागात राहायला आलो आणि घरात रविवारची वजनं सुरू झाली. आंघोळ झाली की तुमची आई, मी आणि ते स्वतः काट्यावर. भिंतीवर तक्ता: वजन, भूक, झोप, पोट. चौथ्या रकान्यात काय भरायचं यावरून तुमच्या आईने सातवीत असताना बंड केलं. "बाबा, मी म्हैस नाहीये!" ते म्हणाले, "म्हैस असतीस तर एव्हाना दूध दिलं असतंस." घरातला हा एकमेव विनोद आम्ही वीस वर्षं वापरला.

ती सतरा वर्षांची असताना एकदा आठवडाभर गप्प होती. कारण तीच तुम्हाला सांगेल, तिची मर्जी असली तर. मी तिला शंभरदा विचारलं, रागावून, लाडाने, मराठीत, इंग्रजीत. तिने शंभरदा "काही नाही" म्हटलं. आजोबांनी विचारलं नाही. दोन दिवस रजा काढली, तिच्या खोलीत जमिनीवर बसले आणि प्रयोगशाळेतल्या नमुन्यांच्या काचपट्ट्यांवर चिठ्ठ्या डकवत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्यांच्या शेजारी बसून चिठ्ठ्या लिहायला लागली. मी दारातून बघत होते. मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला.

शेजारी मात्र त्यांच्यावर खूश. आमच्या मजल्यावरच्या गुजराती बाई त्यांचा पांढरा कुत्रा घेऊन यायच्या. "डॉक्टरसाब, ये कल से उदास है, मुझे लगता है इसको मेरी सास की याद आती है, वो सूरत गई ना..." आजोबा त्यांच्या हिंदीत म्हणायचे, "भाभीजी, आप चूप बैठो. कुत्ते को बोलने दो." बाई हसायच्या. कुत्रा पाच मिनिटं इकडे तिकडे फिरायचा, आणि आजोबा त्याच्या पंजातून काच काढायचे. मग बाई सगळ्या बिल्डिंगला सांगायच्या की तुमचे डॉक्टर जनावरांशी बोलतात. जनावरांशी! मी आतून चहा घेऊन यायचे आणि मनात म्हणायचे, मलाही पंजा असता तर बरं झालं असतं.

निवृत्तीनंतर त्यांनी संध्याकाळचं फिरायला जाणं सुरू केलं. फिरायला म्हणजे खारीला, आपल्या इमारतींमागच्या जुन्या गावात. तिथे एक म्हातारी आहे, मूळच्या गाववाल्या घरातली. तिच्या घराच्या भाताच्या जमिनीवर आता तीन बाजूंनी इमारती आहेत, मुलं नोकऱ्या करतात, पण म्हातारीने अंगणातला गोठा आणि एक म्हैस सोडलेली नाही. आजोबा तिथे लोखंडी खुर्चीवर तासभर बसत. म्हातारी शेजारी ओट्यावर. दोघंही बोलत नसत. म्हैस रवंथ करी आणि दोघं ती बघत. मी एकदा बघायला गेले होते. घरी येऊन म्हणाले, "एवढ्या प्रेमाने तुम्ही माझ्याकडे कधी बघितलं नाहीत."

ते म्हणाले, "तू सारखी हलतेस."

तेव्हा मी ठरवलं की आता ह्यांना सुधारायचं. छत्तीस वर्षं पोरांना पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला शिकवलं, हा एक विद्यार्थी राहून गेला होता. नियम केला. रोज सकाळी सातला चहाच्या वेळी मी विचारणार, "आज कसं वाटतंय?" आणि त्यांनी पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. मान हलवलेली चालणार नाही. पहिले काही महिने ते चहाच्या कपात बघत बसत. मग हळूहळू जमायला लागलं. "मला बरं वाटतंय." "आज गुडघा थोडा धरलाय." मला जिंकल्यासारखं झालं. माझी रोजची डायरी तुम्हाला माहीत आहे, ती मी कॉलेजपासून लिहिते. तिच्यात मी हे उत्तरही लिहायला लागले. बहिणीला फोनवर म्हणाले, "निवृत्तीने माणूस माणसात आला गं."

आता मागच्या वर्षाच्या आधीची दिवाळी. डायरी समोर उघडी आहे, तिच्यातून बघून लिहिते.

भाऊबीजेच्या दिवशी: "आज कसं वाटतंय?" "उत्तम." दुसऱ्या दिवशी: "उत्तम." तिसऱ्या दिवशी: "अगदी उत्तम वाटतंय." मी कंसात लिहिलंय: प्रगती. असे बावीस दिवस आहेत. बावीस वेळा उत्तम. मी कुठेही खाडाखोड केलेली नाही.

त्याच बावीस दिवसांत घरात आणखी काय झालं, तेही डायरीत आहे, कारण मी सगळंच लिहिते. वजनकाट्याची बॅटरी संपली आणि ते म्हणाले, राहू दे, आता कशाला रविवारचा खटाटोप. मी लिहिलंय: अखेर सुटले! जेवण झालं की ते माझ्या आधी उठायला लागले आणि स्वतःचं ताट स्वतः घासायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी लिहिलंय: आश्चर्य. त्यांना दुपारच्या पोळ्या डब्यात भरून बाल्कनीत बसून खाव्याशा वाटायला लागल्या, उन्हात. मी डबा भरून दिला आणि लिहिलं: आवड सांगतात हल्ली. खारीला ते अर्धा तास लवकर जायला लागले. कपडे सैल दिसत होते, तर मी शर्टच एक माप लहान आणले.

हे सगळं मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, तारखेवार. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराने ही पाच वाक्यं वाचली असती तर त्याला कळलं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी ते बँकेत गेले. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत आहोत असं सही करून सांगायचं असतं. ते त्यासाठी गेले होते आणि इकडे दाराची बेल वाजली. दारात खारीची म्हातारी. ती आमच्या घरी कधीच आली नव्हती. लिफ्टवर विश्वास नाही म्हणून चार मजले जिने चढून आली होती. हातात आमचाच पोळ्यांचा डबा.

"ये ना आत," मी म्हटलं. "पाणी देते."

ती आत आली नाही. चौकटीला टेकून श्वास घेतला आणि म्हणाली, "बाय, तुज्या चपात्या माजी म्हस खाते."

मला काही समजेना.

"तूप लावलेल्या. घडीच्या. रोज तीन. दिवाळीपासून खाते." तिने डबा माझ्या हातात दिला. "म्हशीची तब्येत चांगली झाली. डाक्तरची न्हाय."

मी म्हटलं, "अगं, पण ते तर रोज सांगतात मला. बरं आहे म्हणून."

म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका आठवल्या. "सांगतो काय? आणि तू आयकतेस?" मग म्हणाली, "तू एवढी शिकलेली बाय. तुला डोले न्हाय?"

जाताना पुन्हा जिन्यानेच गेली. मी लिफ्टचं बटण दाबून उभी होते, ते तिने बघितलंही नाही.

तर थोरलीबाई, हे तुझं उत्तर. माझ्या लक्षात कधीच आलं नाही. खारीच्या म्हातारीच्या लक्षात आलं, आणि तिच्याही आधी तिच्या म्हशीच्या.

आजोबा बँकेतून आले. जिवंत असल्याचा कागद टेबलावर ठेवला. मी काही विचारलं नाही. पानं वाढली आणि समोर बसून बघत राहिले. त्यांनी पोळीचा एक तुकडा मोडला, तो तोंडात बराच वेळ फिरवला, आणि गिळताना मान थोडी डावीकडे कलली. एवढंच. ते रोज तसंच करत असणार.

त्यांनी वर बघितलं. त्यांना कळलं. "म्हातारीने चुगली केली."

"म्हशीने केली," मी म्हटलं. "कधीपासून?"

"दिवाळीच्या थोडं आधीपासून."

"मग सांगितलं का नाहीत? मी रोज विचारत होते! रोज सात वाजता!"

"विचारत होतीस," ते म्हणाले. "म्हणून सोपं गेलं."

मला काय वाटलं ते लिहीत नाही. डायरीतही त्या दिवशीचं पान कोरं आहे. एवढ्या वर्षांत तेवढं एकच.

त्यांचा हिशेब असा होता: डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही सगळे येणार, तोवर ओढून न्यायचं. तुमच्या आईची नवी नोकरी होती, ती मध्येच धावत आली असती. कळपातला म्हातारा बैल जसा लंगडताना सरळ चालून दाखवतो, तसं हे. ज्याने गोठ्यागोठ्यांत असल्या बैलांना पकडलं, तो स्वतः बावीस दिवस सापडला नाही, कारण त्याला पकडायला घरात एक इंग्रजीची शिक्षिका होती.

दवाखाना, तपासण्या, जठरातली गाठ, हे पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी तिथल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं की बावीस दिवस आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "आजी, काही फरक पडला नसता." फार भला माणूस होता. पण मी विचारलं होतं, आणि विचारल्यावर माणसं काय उत्तर देतात ते मला आता माहीत आहे. म्हणून मी ते डायरीत लिहून ठेवलंय, पण त्यावर झोप लागत नाही.

पुढचे महिने त्यांची कॉट हॉलमध्ये होती. मी सातचा प्रश्न बंद केला. बघायला शिकले. अगदी ढ विद्यार्थिनीसारखी, एकेक. पापणी खाली ओढून रंग बघायचा. पाणी किती उरलं ते बघायचं. पाय जवळ घेतलेत का, कुशीवर किती वेळ आहेत. कान चाचपायला गेले तेव्हा ते म्हणाले, "मागून. पुढून नाही." कान कसा धरायचा हेही मला येत नव्हतं! मी चांगलं निरीक्षण केलं की ते मान हलवायचे. पूर्ण वाक्याचा आग्रह मी सोडला होता.

तुम्ही डिसेंबरात आलात, जानेवारीत परत गेलात. तुम्ही गेल्यावर घर फार मोठं झालं आणि माझी भूक गेली. सांगायला कोण होतं? म्हातारी रोज दूध घेऊन यायची, पण ती त्यांच्याकडे बघायची, माझ्याकडे नाही. मी त्यांना भरवायचे, स्वयंपाकघरात जायचे, थोडा वेळ भांडी वाजवायचे आणि बाहेर यायचे. कॉटवरून त्यांना स्वयंपाकघर दिसत नसे.

एका दुपारी मी अशीच बाहेर आले. ते डोळे मिटून पडले होते. डोळे न उघडता म्हणाले, "जेवलीस?"

एवढ्या वर्षांच्या संसारात मला विचारलेला पहिला प्रश्न. शेवटी प्रश्नचिन्ह आलं होतं, मला ते ऐकू आलं. मी उभ्याउभ्या म्हटलं, "हो, जेवले."

त्यांनी डोळे उघडले. "ताट दाखव."

"अहो, घासून ठेवलं."

"तेच दाखव."

मी आत गेले, मांडणीतलं एक ताट उचललं आणि आणून त्यांच्या पुढे धरलं. त्यांनी बोट फिरवलं त्याच्यावर, कडेने, सावकाश. बोट माझ्यापुढे धरलं.

"कोरडं आहे."

"पुसलं."

"तू ताट पुसत नाहीस. उपडं घालून निथळत ठेवतेस. तासभर."

हे ह्यांना माहीत होतं. ज्या माणसाला माझ्या वाढदिवसाची तारीख तुमच्या आईकडून दरवर्षी विचारून घ्यावी लागे, त्याला मी ताट कसं ठेवते आणि ते किती वेळात वाळतं हे माहीत होतं.

मी आत गेले. वरण-भात वाढून घेतला, वर लिंबू पिळलं, आणि कॉटशेजारी स्टूल ओढून बसले. पहिला घास उतरेना. ते उशीवर मान वळवून बघत राहिले, खारीच्या त्या खुर्चीत बसून बघायचे तसे, डोळे अर्धे मिटून, अजिबात घाई नसल्यासारखे. मी सगळा भात संपवला. मला हलायची इच्छाच झाली नाही.

संपल्यावर म्हणाले, "रवंथ ठीक आहे." आणि झोपले.

त्यानंतर ते सात आठवडे होते. रोज दुपारी मी त्यांच्यासमोर जेवले.

तुम्ही दर रविवारी फोन करता. मी विचारते, कसे आहात, आणि तुम्ही दोघंही म्हणता, "आय ॲम फाइन, आजी." थोरली तर अलीकडे फारच फाइन असते, आणि तिचा चेहरा पडद्याच्या कडेला अर्धाच दिसतो. ह्यापुढे मी विचारणार नाही. तुमच्याकडे जेवायची वेळ असेल तेव्हाच फोन करा, बोलला नाहीत तरी चालेल, आणि कॅमेरा जरा खाली धरा. ताट दिसलं पाहिजे.